आवाज येऊन राह्यला काय?

"लाव वं थे कानाले! पाहुणे पाराजवळ आले, कपिलचा फोन आलता आत्ता!" विजयमालाबाईंनी हेडफोन उचलून अर्पिताच्या हातात जवळजवळ कोंबला, आणि पदराने कपाळावरचा घाम टिपत त्या जिन्याकडे वळल्या.

"आई, माझी नोकरी गेली आहे." अर्पिता एकेक शब्द चावून बोलली. "दीड महिना झाला. कोणाशी बोलू मी याच्यावर?"

"कोनाशी बी नोको बोलू, बाप्पा! नुसतं बोल! संजयभाऊ चहा घेतीन, तारीख ठरोतीन अन् जातीन. अर्धा घंटा. भावासाठी अर्धा घंटा जड झाला तुले? अन् जरा इंग्रजीत बोल, खाली ऐकू आलं पायजे." एवढं सांगून त्या उतरल्या.

अर्धा तास जड झाला म्हणे! अर्पिता धुसफुसत टेबलासमोर बसली. समोरचा लॅपटॉप कंपनीचा होता आणि मेलेला होता. ज्या क्षणी नोकरी गेली त्याच क्षणी त्याला कंपनीने पुण्याहून कुलूप घातलं होतं, त्यामुळे चालू केला की एक राखाडी चौकोन आणि "आपल्याला परवानगी नाही" एवढंच दिसे. तो परत पाठवायचा खोका कोपऱ्यात पडला होता. बोरी अरबला कुरियरवाला कधी येईल तेव्हा येईल!

या सगळ्या सोंगाचं मूळ कपिलच्या लग्नात होतं. कपिल तिचा धाकटा भाऊ, तिशीला टेकलेला. घरची बारा एकर जमीन तो एकट्याने कसत होता, हाताला चांगला, स्वभावाने गाय. पण शेती करणारा म्हटल्यावर चार ठिकाणांहून नकार आला. शिपाई चालेल, दुकानातला नोकर चालेल, शेतकरी नको! पाचव्या ठिकाणी, नेरच्या संजयभाऊंच्या घरी, विजयमालाबाई परस्पर बोलून बसल्या की आमची अर्पिता पुण्याला मोठ्या कंपनीत आहे, तिथं व्हिडिओ गेम बनवतात, ती भावाला तिथेच लावून देणार आहे. संजयभाऊंनी लगेच होकार दिला. अर्पिताला हे कळलं ते पेढे वाटून झाल्यावर. तेव्हा ती चिडली होती, मग गप्प बसली होती, नेहमीप्रमाणे. आणि पुढच्याच महिन्यात तिची नोकरी गेली.

खाली जीप थांबली. वडिलांचा, वामनरावांचा, "या, या" असा आवाज आला, खुर्च्या सरकल्या, पाण्याचे पेले वाजले. आणि मग विजयमालाबाईंचा खास पाहुण्यांसाठीचा दबका आवाज जिन्यातून वर आला. "अर्पिताची मीटिंग चालू हाये वरते. फॉरेनची मान्सं असते. म्हनून टीव्ही बंद ठेवला, बरं. लीलाबाईले बी चक्की थांबवाले सांगतलं."

खरोखरच शेजारच्या लीलाबाईंची पिठाची चक्की थांबलेली होती! सकाळपासून रात्रीपर्यंत जिची घरघर या घराच्या भिंतीत मुरलेली होती, ती चक्की एका खोट्या मीटिंगसाठी बंद. पंखेसुद्धा बंद. घरात इतकी शांतता पसरली की खाली बशीवर कप ठेवल्याचा आवाज अर्पिताला वर ऐकू आला.

"वरतून काही आवाज तं येऊन नाही राह्यला," संजयभाऊ कुतूहलाने म्हणाले.

आता बोलायलाच हवं होतं. अर्पिताने घसा साफ केला आणि नऊ वर्षांच्या सवयीने जे वाक्य ओठावर आलं ते बोलली, "गुड आफ्टरनून एव्हरीवन... कॅन एव्हरीवन हिअर मी?"

सगळ्यांना माझा आवाज येतोय का?

हे शब्द तिच्याच कानावर पडले आणि आतून काहीतरी सरकन वर आलं. नोकरी गेली त्या दिवशी हाच प्रश्न तिने विचारला होता! सकाळी साडेदहाला सगळ्यांना एका कॉलवर बोलावलं होतं, चौसष्ट माणसं, आणि कॉल सुरू होण्याआधीच त्या चौसष्टांचे माइक कंपनीने बंद करून टाकले होते. पडद्यावर एक गोरीगोमटी बाई हसऱ्या चेहऱ्याने बाजार, दिशा, कठीण निर्णय असलं काहीबाही वाचत राहिली. अर्पिता ओरडत होती, "आवाज येतोय का? मला काही विचारायचं आहे!" आणि कोणाला काही ऐकू जात नव्हतं. सात मिनिटांत सगळं संपलं. ज्या गेमवर तिने तीन वर्षं रक्त आटवलं तो गेम चार महिन्यांनी बाजारात येणार होता, आणि शेवटी जी नावांची यादी सरकत जाते तीत तिचं नाव नसणार होतं... कारण प्रकाशनाच्या दिवशी जो कामावर नाही त्याचं नाव नाही, असा कंपनीचा नियम!

"येऊन राह्यला न माझा आवाज?" अर्पिता एकाएकी म्हणाली. इंग्रजी कुठल्या कुठे गळून पडलं. तिच्या तोंडात बोरीची बोली आली, जी पुण्यात नऊ वर्षं तिने दाताखाली दाबून ठेवली होती. "येऊन राह्यला न? मंग ऐका आता! त्या दिवशी तुम्ही माइक बंद करून पळाले. आज नाही पळू देत मी तुमाले!"

खाली कोणाचा तरी चमचा थांबला.

"नऊ वर्षं! नऊ वर्षं तुमच्या गेममधल्या भिंती मी काढल्या, झाडं काढली, रस्ते काढले. खेळनारा पोट्टा बंदूक घेऊन धावत जाते, त्याले भिंत दिसत बी नाही. पन भिंत नसन तं सारा खेळ फसते! थे भिंत मी होती! बाबाच्या पाठीचं ऑपरेशन होतं यवतमाळले, तवा बी मी दवाखान्याच्या बाकड्यावर बसून तुमचा डोंगर पुरा केला. दिवाळीले घरी नाही आली, का तर तुमची तारीख होती! अन् तुम्ही मले काय देल्लं? सात मिनिटं! मले साधं विचारू बी नाही देल्लं का माझं नाव काहून खोडलं!"

तिला थांबता येईना. खरं सांगायचं तर तिला थांबायचंच नव्हतं. तो मेलेला पडदा समोर होता आणि त्यात तिचा स्वतःचा चेहरा अंधुक दिसत होता, लालबुंद, डोळ्यांतून धारा लागलेल्या.

"अन् तुमाले तरी कायले बोलू? तुम्ही परके. ही घरची कंपनी पाहा न! या घरात बी मी भिंतच हाओ. छत उभं हाये तोवर भिंतीकडे कोनाचं ध्यान जात नाही. माझं जमलं होतं एका पोराशी. थो तीन वर्षं थांबला. दर वर्षी आई म्हने, 'औंदा नोको, औंदा बाबाचं आजारपन हाये,' 'औंदा बोअर माराची हाये.' थांबून थांबून त्यानं दुसरीकडे लगन केलं, अन् मी त्याच्या लग्नाचा फोटो पाहत पाहत तुमची झाडं रंगवली! कोनाले नाही सांगतलं. अन् नोकरी गेल्याचं मी घरी सांगतलं, तवा माझ्या आईचा पयला शब्द काय होता, मालूम हाये? 'आता कपिलचं कसं होईन?' माझं कसं होईन नाही... मी कशी हाओ, जेवली का, रडली का... काहीच नाही! 'आता कपिलचं कसं होईन!'"

एवढं बोलून तिने हेडफोन कानावरून ओढून काढला आणि भिंतीवर भिरकावला. आणि मग तिला ती शांतता ऐकू आली. चक्की बंद, पंखे बंद, टीव्ही बंद. आईने स्वतःच्या हातांनी सगळं घर इतकं चिडीचूप केलं होतं की एकूण एक शब्द खाली पोचला होता, आणि लीलाबाईंच्या अंगणातही!

अर्पिता उठली आणि जिन्याच्या वरच्या पायरीशी येऊन उभी राहिली. खाली संजयभाऊ हातातला कप तसाच धरून बसले होते. वामनरावांची मान छातीवर झुकली होती. विजयमालाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण हार मानतील तर त्या विजयमालाबाई कसल्या!

"थे... थे डायलॉग हायेत, भाऊ!" त्या ओढूनताणून हसल्या. "गेममधले डायलॉग. आवाज भराचं काम बी तिच्याकडेच असते न..."

डायलॉग! अर्पिताचं सगळं आयुष्य डायलॉग! ती तोंड उघडणार एवढ्यात दाराशी उभा असलेला कपिल पुढे आला. चारचौघांत ज्याच्या तोंडून शब्द फुटत नसे तो कपिल, पाहुण्यांसाठी घातलेल्या कडक इस्त्रीच्या शर्टात अवघडून उभा होता.

"नाही, काका. डायलॉग नाही हायेत थे," तो म्हणाला. "ताईची नोकरी गेली. दीड महिना झाला."

"कपिल!" विजयमालाबाई किंचाळल्या.

"बोलू दे मले, आई. ताई एकटीच बोलून राह्यली कवापासून." त्याचा आवाज कापत होता, पण तो संजयभाऊंकडे सरळ पाहत होता. "अन् काका, नोकरी असती तरी मले तिथं कोनी घेतलं नसतं. मले थे काम येत नाही, अन् शिकाचं बी नाही. मी शेती करतो. पऱ्हाटी, सोयाबीन, तूर. थे मले चांगलं येते. पोरगी द्याची असन तं मले द्या. माझ्या बहिनीच्या नोकरीले नोका देऊ."

संजयभाऊंनी कप खाली ठेवला आणि ते सावकाश उभे राहिले. "नोकरी आज असते, उद्या नसते, वामनराव. त्याचा मले राग नाही," ते म्हणाले. "पन तुम्ही सोताच्या पोरीले वरते बसवून खोटा फोन कराले लावला! रडत होती थे लेकरू वरते, अन् तुम्ही मले शेव वाढून राह्यले होते. उद्या माह्या पोरीले, खुशीले, या घरात काय काय कराले लावसान?" "घरी विचारतो अन् कळोतो," एवढं बोलून संजयभाऊ निघाले. जीपचा आवाज दूर गेला आणि लगेच शेजारची चक्की पुन्हा घरघरू लागली.

विजयमालाबाई मटकन खाली बसल्या. "बांधलं न माह्या पोराचं घर उन्हात!" त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "घे, झालं तुह्या मनासारखं!"

"चूप बस!" वामनराव ओरडले. पस्तीस वर्षांत बायकोवर आवाज न चढवलेला माणूस खुर्चीचे हात धरून उठला. "एक शब्द बोलू नोको तिले! पाप तुह्या एकटीचं नाही, माहं बी हाये. मी गप बसलो. पोरगी वाळून चालली हाये थे मले दिसे, अन् मी गप बसलो, काहून का माही दवाई येत होती!" आणि ते वर जिन्याकडे पाहून म्हणाले, "अर्पू... माफी मांगाचं बी तोंड नाही वं मले."

अर्पिता वळली आणि तिने खोलीचं दार लावून घेतलं. माफी हवी होती तेव्हा कोणी दिली नव्हती, आता ती कुठे ठेवायची हेही तिला कळेना.

चौथ्या दिवशी दुपारी नेरहून फोन आला. खालचं बोलणं तिने ऐकलं. आई दोनदा "हो भाऊ" म्हणाली आणि फोन ठेवला गेला. नकार! थोड्या वेळाने खिडकीतून कपिल दिसला, कोळपणीचा डवरा बैलगाडीत टाकून शेताकडे निघालेला. त्याने वर पाहिलं, तिच्याकडे बघून हसला, आणि "जातो ताई" अशी मान हलवून बैलांना हाकललं. तिच्यासाठी त्याने ठरलेलं लग्न हातचं घालवलं होतं आणि त्याचा गवगवासुद्धा केला नव्हता.

मग जिन्यावर पावलं वाजली. आईची. अर्पिताने मूठ आवळली. आता शिव्याशाप होणार, आणि या वेळी एकही ऐकून घ्यायचा नाही असं तिने ठरवून टाकलं होतं. उत्तरं जिभेवर तयार होती, एकापेक्षा एक धारदार.

दार ढकलून विजयमालाबाई आत आल्या. चार दिवसांत दहा वर्षांनी म्हाताऱ्या झाल्यासारख्या दिसत होत्या.

"नाही म्हनले थे," त्या म्हणाल्या.

"ऐकलं मी. मग? आता माझ्या नावानं खडे फोडायला आलीस?"

"नाही." त्या खाली फरशीवर बसल्या, भिंतीला टेकून. "तूच बोल मले काय बोलाचं थे. मी ऐकाले आली."

अर्पिताने तयार ठेवलेली उत्तरं अशा बोलण्यासाठी नव्हती.

"मी तुले पगाराच्या तारखेनंच ओळखत गेली वं, अर्पू," विजयमालाबाई म्हणाल्या. "एक तारीख आली का म्हनो, पोरगी चांगली हाये. चार दिवस झाले, तुहं बोलनं कानातून जाऊन नाही राह्यलं. भिंत काढो म्हने, डोंगर काढो म्हने... लीलाबाई मले विचारे, तुही पोरगी करते काय? मी सांगो, कंपूटरवर असते. नऊ वर्षं हेच सांगतलं. मले मालूमच नव्हतं न! तुले मी कधी विचारलंच नाही." त्यांनी पदराने डोळे पुसले आणि लेकीकडे वर पाहिलं. "काय करत होती तू तिथं? सांग न मले."

अर्पिताला रडू आलं आणि त्याच्या पाठोपाठ राग. तो राग एका प्रश्नाने जाणारा नव्हताच! नऊ वर्षं उशिरा विचारलेला प्रश्न होता तो. तीन वर्षं थांबलेला तो मुलगा आता परत येणार नव्हता, कपिलचं मोडलेलं जुळणार नव्हतं, त्या यादीत तिचं नाव येणार नव्हतं. तिला ओरडावंसं वाटलं, जा इथून, उशीर झाला! पण आई फरशीवर मांडी घालून बसली होती, शाळेत पहिल्या दिवशी आलेल्या पोरीसारखी, आणि खरोखरच वाट पाहत होती.

"सुरुवातीपासून सांगू?" अर्पिताने फणकाऱ्यानेच विचारलं. तिच्या गालांवरून आसवं ओघळत होती आणि ती पुसण्याचं तिला भान नव्हतं.

"हाव. सुरुवातीपासून सांग," विजयमालाबाई म्हणाल्या. "अन् मले समजलं नाही तं रागव माह्यावर... पन परत सांग."