चुडाव्याचा चौथा दरवाजा

बत्ती जरा जवळ सरकवा. मी थापाड्या आहे हे साऱ्या मुलखाला ठाऊक आहे, आणि "ही मात्र थाप नव्हे" असं मी प्रत्येक थापेआधी म्हणतो. म्हणून आज तसं म्हणतच नाही. ऐका, आणि काय ते तुम्हीच ठरवा.

निजामाच्या अमदानीत हैदराबादेला बड्या लोकांची घरं बांधून देणारी एक कचेरी होती. तिथल्या नकाशेवाल्यांचा मी मुखिया. विलायती थाटाचे खांब, घुमट, संगमरवरी जिने, सगळं माझ्या हातचं. माझ्या जिन्यांवरून उतरताना बेगमांचे पाय दुखत नाहीत, असं मी गिऱ्हाइकांना सांगत असे. बेगमा पडद्यात, त्यामुळे विचारायला जातो कोण!

तसलाच एक महाल मी चुडाव्याजवळ बांधला. मालक शिवरुद्रप्पा. कापसाचे व्यापारी, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि मनात एकच हट्ट, की घर नवाबाला लाजवील असं पाहिजे. आता या जातीच्या घरांचा एक कायदा असतो. डाव्या हाताला जे, तेच उजव्या हाताला. दिवाणखान्याच्या तीन भिंतींना तीन दरवाजे झाले. चौथ्या भिंतीमागं शेत. "तिकडनं दार नको, धूळ येतीया," अप्पा म्हणाले. मग मी तिथं खोटा दरवाजा बसवला. सागवानी चौकट, पितळी कडी, नक्षी, सगळं अस्सल. मागं मात्र दोन हात जाडीची दगडी भिंत. पाहणाऱ्याच्या डोळ्याचं समाधान, बाकी काही नाही.

अप्पांची एकुलती एक लेक, नागू. तिनं त्या कडीला लोंबकळून आईला विचारलं होतं, "आई, ह्ये दार कुठं उघडतंय?"

महादेवीबाई हसल्या. "तू सासरहून माहेरपणाला येशील ना, तवा उघडंल."

घर पुरं झालं, मी हैदराबादेला परतलो. वर्षभरानं अप्पांचा निरोप आला. एक दार बिघडलंय, येऊन पाहून जावं. उन्हाळ्याचे दिवस. चुडाव्याच्या स्टेशनावर उतरलो तर आश्रुबा गाडी जुंपून उभा. अप्पांचा जुना गडी. एरवी माझ्या थापांना तोडीस तोड थापा मारणारा. त्या दिवशी तोंड शिवल्यासारखा.

"कोणतं दार बिघडलं रे?" मी विचारलं.

"तुमचं ते नकली."

"त्याला बिघडायला काय आहे? ते उघडतच नाही."

"न्हाई उघडत. पर वाजायलंय."

"वाऱ्यानं वाजत असेल."

आश्रुबानं मागं वळून पाहिलं. "सायेब, भितीला चिकटल्यालं दार वाऱ्यानं वाजतंय व्हय? तुमीच बसवलंय की."

त्यानं कासरा ओढला, बैल पुढं काढले. मग तो बैलांकडं बघत म्हणाला, "नागूताई गेल्या. आखाडात. तापानं." आणि थोड्या वेळानं, "शेतातच हायेत. त्या भितीच्या मागं."

महालात शिरलो तेव्हा भर दुपार होती; पण उन्हासाठी सगळ्या झडपा लावलेल्या, त्यामुळे आत काळोख. ओल्या वाळ्याच्या पडद्यांचा वास, त्यात भस्माचा. माझेच खांब मला अनोळखी वाटले. अंधारात माणसं उभी असावीत तसे ते उभे होते.

अप्पा निम्मे झाले होते. त्यांनी मला खांबाआड ओढलं.

"साहेब, आमच्यात भूत नसतंय. माणूस गेलं की शिवात मिळतंय, संपलं. मी स्वामींना बोलवून काय सांगू? माझी लेक मिळाली न्हाई म्हणून? कोणत्या तोंडानं?" त्यांनी बायकोकडं बोट केलं. "म्हणून तुमाला बोलावलं. ते दार काढा. मागं भिंतच हाय ह्ये हिला डोळ्यानं दिसू द्या. दार उघडंस्तवर घास घेणार न्हाई म्हणती. माझ्यादेखत वाळून जायलीय हो..."

महादेवीबाई खोट्या दरवाजाला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. हाताच्या काड्या झालेल्या. मला पाहून त्यांनी पदर सारखा केला. घरी पाहुणा आल्यावर करतात तसाच.

"बसा साहेब. आता वाजवंल ती."

मी बसलो. माझ्याजवळ अशा वेळी सांगायला काहीतरी गंमत असतेच. त्या दिवशी नव्हती.

टक.

मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा... टक... टक.

आवाज खालून येत होता. माणूस दार वाजवतो ते छातीच्या उंचीवर. हा माझ्या गुडघ्यापाशी. मी तिथं तळहात ठेवला. लाकूड हाताखाली थरथरलं. पलीकडून कुणी बोटाचं पेर मारावं, इतकंच.

"इतक्या खालून...?" माझ्या तोंडून गेलं.

"आमच्यात निजवत न्हाईत साहेब," बाई हळूच म्हणाल्या. "बसवतेत. तिलाबी बसवलंय, हातावर लिंग ठेवून. लेकरू कधी एका जागी बसलं न्हाई... पाय लय अवघडले असतील तिचे."

अप्पांनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

आश्रुबानं आणि मी मिळून फळ्या उतरवल्या. मागं माझी भिंत. काळा दगड, चुन्याच्या दरजा, सुईलासुद्धा वाट नाही. अप्पा पुढं झाले. "बघ, बघ तूच. हाय का कोण? दगूड हाय नुसता!"

बाईंनी भिंत पाहिली. दगडावरून हात फिरवला. आम्हाला वाटलं, आता रडतील आणि मोकळ्या होतील. पण त्या अप्पांकडं वळून म्हणाल्या, "मी तिला दार सांगितलं होतं. तुमी तिथं भित घातली?"

आणि भिंतीला कपाळ लावून त्या तशाच बसल्या. ते बसणं पाहून मला कळलं, की ही बाई आता इथून उठायची नाही. अप्पांनाही कळलं. त्यांनी माझा हात धरला. "फोडा साहेब. घर पडलं तर पडू द्या."

आश्रुबानं पहार आणली. घाव बसायला लागले, चुन्याचा धुरळा उठला. तुम्ही बांधकामातले नाही, म्हणून एक सांगतो. आतून घाव घातला की दगड बाहेर जातो, बाहेरून घातला की आत येतो. यात थापेला जागा नाही. आम्ही आतून मारत होतो. पहिला दगड निखळला आणि आत पडला, आश्रुबाच्या पायाशी. मग दुसरा. आश्रुबानं पहार खाली टाकली. तरी दगड आत येतच राहिले... एकेक, सावकाश.

भगदाड पडलं तसा उजेड घुसला. बाहेर कुणी नव्हतं. नांगरलेली काळी जमीन, नागूच्या समाधीचा लहानसा ओटा, आणि उन्हाच्या झळा. गरम वारा आला, त्याला ओल्या मातीचा वास होता. पावसाचा थेंब पडून तेव्हा कैक महिने झाले होते.

महादेवीबाई उठल्या. चौकटीत उभ्या राहिल्या आणि अंग चोरून बाजूला झाल्या, कुणाला तरी आत यायला वाट देतात तशा.

"ये बाई," म्हणाल्या.

संध्याकाळी त्या भाकरी जेवल्या. मी तिथं खरा दरवाजा बसवून दिला आणि आलो. वाजणं थांबलं, असं अप्पांनी नंतर कळवलं.

पुढं रझाकारांची धामधूम उठली. गावं ओस पडायला लागली. अप्पांनी घराला कुलपं घातली आणि बायकोला घेऊन वऱ्हाडात वाशीमला गेले. पोलीस ॲक्शन झाली, गाड्या सुरू झाल्या, तेव्हा मी त्यांना भेटायला निघालो. वाटेत चुडाव्याला उतरलो. म्हटलं, घर शाबूत आहे का पाहून त्यांना सांगू.

घर शाबूत होतं. कुलपं गंजलेली, पायऱ्यांवर गवत. शेताच्या बाजूनं गेलो. समाधीचा ओटा खचला होता. मी चौथ्या दरवाजापाशी उभा राहिलो.

टक... टक.

आतून. गुडघ्याच्या उंचीवर.

मी कुलूप ओढलं. दाराला खांद्यानं धडका दिल्या. सागवान मीच निवडलेलं, ते कशाला हलतंय! "नागू," मी हाक मारली. वाजणं थांबलं. मग फळीच्या तळाशी, अगदी जमिनीलगत, काहीतरी घासल्याचा आवाज आला. कुणीतरी बसल्या बसल्या दाराच्या आणखी जवळ सरकावं, तसा.

वाशीमला महादेवीबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. अंगानं भरल्या होत्या, चेहरा शांत. मला पाहताच विचारलं, "साहेब, घर बघितलं? काय वाजत तर न्हाई ना तिथं?"

आयुष्यभर मी गंमत म्हणून खोटं बोललो. त्या दिवशी जीभ उचलेना.

"नाही बाई. काही वाजत नाही."

"कसं वाजंल?" त्या समाधानानं हसल्या. "ती आमच्यासंगं आली की. हितंबी वाजवती, रोज दिवेलागणीला. मी दार उघडती, ती आत येती."

मी दाराकडं पाहिलं.

"आन साहेब, लेकरू लय वाढलंय बघा." त्या उठल्या, दारापाशी गेल्या. "पैलं खाली वाजवायची. आता हितनं वाजवती."

आणि ते दाखवायला, चवड्यांवर उभं राहून, त्यांनी हात चौकटीच्या पार वरच्या लाकडाकडं ताणला. तरी पुरेना.