लाकडी उशी

पोट्टेहो, दीपा नर्स माझ्या चांगल्या ओळखीची. उगाच काही बोलणारी बाई नाही ती, म्हणून सांगतो.

गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. दवाखान्यात लागोपाठ दोन ड्युट्या करून दीपा यवतमाळातच शोभाबाईंकडे मुक्कामाला गेली. बाईंचं खुब्याचं हाड मोडलेलं, पलंगावरून हलता येत नव्हतं, आणि मुलगी केतकी लग्नासाठी पुसदला गेलेली. एका रात्रीचं काम. दीपाची मान धरली होती, म्हणून घरची कापसाची उशी तिनं सोबत नेली.

पलंगासमोर काचेचं कपाट होतं. आत एक लाकडी वस्तू. बुटक्या पायावर बसवलेली चंद्रकोर, कडेनं हस्तिदंताची पिवळट पट्टी. बाईंचे यजमान इंजिनियर म्हणून इजिप्तला होते, त्यांनी आणलेली. थडग्यातली आहे, हजारो वर्षांची, असं विकणारा म्हणाला होता. खरं-खोटं कोण जाणे.

"उशी आहे ती," बाई म्हणाल्या. "तिकडची जुनी माणसं यावर मान टेकून झोपायची. मेल्यावरही हीच द्यायचे."

दीपानं आपली मान चोळली. "मेल्यावर तरी मऊ द्या लागत होती, काकू."

बाई हसल्या, गोळी घेऊन झोपल्या. दीपानं खाली सतरंजी टाकली, आपली उशी डोक्याखाली घेतली. पाठ टेकली तशी ती झोपी गेलीच.

रात्री दोनचा सुमार. थंडी मी म्हणत होती. कुणीतरी तिच्या मानेखाली हात घातला. हळूच. आजाऱ्याचं डोकं उचलतात तसं. झोपेत तिला वाटलं, वॉर्डातच आहोत आपण...

डोकं उचललं गेलं. उशी सरकली. मानेला काहीतरी लागलं. गार. कडक.

डोळे उघडवेनात.

कानाशी एक श्वास. लांब. दमलेल्या माणसाचा...

मग काहीच नाही.

"काकू...?"

पलंगावर बाई घोरत होत्या.

दीपा तशीच पडून राहिली. उजाडलं तेव्हा पाहिलं. मानेखाली ती लाकडी उशी. कपाटाला कुलूप. आणि काचेच्या आत... तिची कापसाची.

किल्ली केतकीजवळ. ती दुपारी आली. दीपानं सगळं सांगितलं. केतकीनं कुलूप काढलं.

"राहू द्या तिथंच," दीपा म्हणाली. "कोनीतरी लय थकलं हाये."

केतकीला ते पटेना. तिनं आतल्या कापसाच्या उशीला हात घातला, आणि हात तिथंच थांबला.

उशीत मधोमध डोक्याएवढा खळगा होता.

आणि तो गरम होता.