बिनभोकाचं कव्हर

"कार्ड वापरलेलंच नाही," कारकूनबाई म्हणाल्या आणि त्यांनी कागद काचेखालून थोरलीकडे सरकवला.

बाबांना जाऊन दहा दिवस झाले होते. थोरली त्यांचं खातं बंद करायला आली होती. कागदावर त्यांच्या शेवटच्या आठवड्यातल्या चार नोंदी होत्या. सोमवार ते गुरुवार, रोज पाचच्या सुमारास, दहा-दहा हजार. शुक्रवारी बाबा गेले. त्या आठवड्यात ते अंथरुणातून उठले नव्हते. कार्ड आईच्या कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली आईच्या कमरेला.

"मग पैसे निघाले कसे?"

"फोनवरून."

कारकूनबाईंनी समजावून सांगितलं. मशीनच्या पडद्यावर ठिपक्यांचा एक चौकोन येतो. फोनमधलं बँकेचं अ‍ॅप उघडून कॅमेरा त्या चौकोनावर धरायचा आणि पिन फोनवरच टाकायचा. कार्डच नाही, तर ते चोरणार काय आणि त्याची नक्कल करणार काय? हे पैसे थोरलीच्या माहेरच्या कोपऱ्यावर असलेल्या मशीनमधून निघाले होते. तिथलं चित्रीकरण पोलिसांनी मागितल्याशिवाय मिळणार नव्हतं, आणि त्यालाही आठवडा लागणार होता.

"सोय पक्की आहे," त्या म्हणाल्या. "अ‍ॅप एका वेळी एकाच फोनवर चालतं. फोन आणि पिन दोन्ही हातात असल्याशिवाय एक नोट बाहेर येत नाही. घरातलंच कोणी आहे का बघा."

थोरली घरी पोचली तेव्हा, बाबा गेल्यावरच गावाहून घरी आलेला धाकटा आईजवळ बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि लगेच नाव घेतलं. मावशी.

मावशी आठ महिने बाबांच्या शुश्रूषेला होत्या. रोज पाचला औषधं आणायला बाहेर पडायच्या. पिन तर घरात सगळ्यांनाच पाठ होता, तो बाबांच्या शिवणाच्या दुकानाचा जुना क्रमांक होता.

"बाबांचा फोन पिशवीत टाकायचा, मशीनसमोर धरायचा, परत उशाशी ठेवायचा," धाकटा म्हणाला. "कितीसा वेळ लागतो, ताई?"

त्याने तिथल्या तिथे मावशींना कामाला पाठवणाऱ्या संस्थेला फोनही केला. संध्याकाळपर्यंत उलगडा झाला नाही तर मावशींचं नाव यादीतून कमी होणार होतं. त्या यादीवरच त्यांची चूल पेटत होती.

मावशी चार वाजता आल्या. खुर्चीवर बसल्या नाहीत. पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभ्या राहिल्या.

"बाबांचा फोन कधी बाहेर नेला होतात?" थोरलीने विचारलं.

"नाही, ताई."

"त्यांच्या फोनवर वेगळं काही घडलेलं आठवतं?"

मावशींनी आठवून पाहिलं. "जायच्या आधीच्या रविवारी दुपारी आजोबा कोणालातरी आकडे वाचून दाखवत होते. एकेक करून, दोनदा. गिऱ्हाइकाचं माप सांगावं तसे. त्या दिवशी खुशीत होते."

"कोणाला?"

"ते मी कशाला विचारू? पण दुसऱ्या दिवसापासून एक चाळा लागला त्यांना. मी औषधं घेऊन आले की विचारायचे, जिन्यात कोणी दिसलं का."

"आता मेलेल्या माणसाला साक्षीला आणा," धाकटा म्हणाला.

थोरली उठली. तिने खणातून बाबांचा फोन आणला. फोन दोनदा हातातून पडला तेव्हा बाबांनी त्याला तपकिरी चामड्याचं कव्हर चारही बाजूंनी जागेवरच शिवून टाकलं होतं. ते त्यांचं शेवटचं शिवण. तिने टिपेवरून बोट फिरवलं. मग मेसेज पाहिले, आलेले फोन पाहिले, बँकेचं अ‍ॅप उघडून पाहिलं आणि फोन सगळ्यांना दिसेल असा पालथा ठेवला.

"मावशी, याचा कॅमेरा कुठे आहे?"

"त्याला भोक ठेवलंच नाही ना त्यांनी. म्हणाले, मला कोणाचे फोटो काढायचेत?"

"मी किती चिडले होते," आई म्हणाली.

धाकटा कव्हरकडे बघत राहिला.

"चौकोन टिपायला कॅमेरा लागतो," थोरली म्हणाली. "टीप कुठेही उसवलेली नाही. उसवून पुन्हा घातलेली टीप मला कळते, मी दुकानातच वाढले. म्हणजे मशीनसमोर हा फोन नव्हता. इथलं अ‍ॅप सांगतंय की ते आता दुसऱ्या फोनवर चालू आहे. तसं करायचं तर आधी या फोनवर सहा आकडे येतात. तो मेसेज रविवारचा आहे, एक वाजून दहाचा. आणि एक वाजून आठला एक फोन आलाय. पाच मिनिटांचा."

"कोणाचा?" आईने विचारलं.

"हे कव्हर दोन महिन्यांपूर्वीचं आहे, आई. तुला माहीत होतं, मला होतं, मावशींना होतं. बाबांना जो फक्त फोनवर भेटत होता त्यालाच ते माहीत नव्हतं."

मग धाकट्याने सांगायला सुरुवात केली. तीन महिन्यांपूर्वी नोकरी गेली होती. घरी सांगायचा धीर झाला नाही. पैसे परत ठेवणारच होता.

"मागितले असतेस तर नाही म्हणाले असते का ते?" आई म्हणाली.

"पैसे राहू देत," थोरली म्हणाली. "पैसे काढल्याचे चारही मेसेज बाबांनी उघडलेत. आकडे कोणाला वाचून दाखवले ते त्यांना माहीत होतं. मशीन कोपऱ्यावरचं आहे, हेही त्या मेसेजमध्येच आहे. म्हणून ते जिन्याचं विचारत होते. तू चार दिवस खालपर्यंत आलास."

धाकट्याने मान खाली घातली. मग त्याने संस्थेचा नंबर लावला आणि फोन घेऊन खिडकीकडे निघाला.

"इथे बस," थोरली म्हणाली. "आवाज मोठा कर. मावशींना ऐकू येऊ दे."

मावशी पहिल्यांदाच खुर्चीवर बसल्या. पलीकडून कोणीतरी दोनदा हॅलो म्हणालं, आणि मग धाकट्याने मावशींचं पूर्ण नाव घेतलं.