पांढऱ्यात लपलेलं

अंधाऱ्या खोलीत ती घाईघाईने शिरली आणि थेट कुणाच्या तरी मांडीवर बसली.

"ही खुर्ची रिकामी नाही," अंधारातून आवाज आला.

तो नवा डॉक्टर, स्तनांचे एक्स-रे तपासणारा. ती ते एक्स-रे काढणारी टेक्निशियन. लाजेने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण दुसऱ्या दिवशी ती दार वाजवून आली, आणि मग काही ना काही निमित्त काढून रोजच...

"आज बसायचा विचार नाही वाटतं?" तो विचारायचा.

"आता आधी चाचपून बघते."

ती खोली मात्र तिला कधीच आवडली नाही. पडद्यावर ना चेहरा ना नाव, नुसत्या छातीच्या पांढुरक्या सावल्या. त्यातून कुणीतरी आपल्याकडेच बघतंय, असं तिला सारखं वाटायचं.

एका संध्याकाळी तो एकाच चित्राकडे टक लावून बसला होता.

"या बाई अंगाने किरकोळ असाव्यात," तो म्हणाला. "चरबी काळसर दिसते, तिच्यात गाठ चटकन उठून दिसते. इथे चरबी नावालाच. सगळं पांढरं, आणि गाठही पांढरीच... धुक्यात कुणी पांढरं पांघरून उभं असावं, तसं."

"पण खाली आधीच्या डॉक्टरांनी 'सगळं ठीक' लिहिलंय."

"त्यांना काही दिसलं नाही, एवढंच खरं. यांना सोनोग्राफीला बोलवाल?"

तिने चित्राच्या कोपऱ्यातला तपासणी क्रमांक वाचला आणि तिच्या अंगावर सरसरून काटा आला. तो तिचाच होता. कर्मचाऱ्यांच्या तपासणीत मैत्रिणीने तिचाही एक्स-रे काढला होता. 'तू हडकुळी, तुला काय धाड भरलीय?' म्हणत दोघी खिदळल्या होत्या.

"बोलवायला कशाला हवं," ती म्हणाली. "इथेच उभी आहे मी."

तो खुर्चीतून उठून उभा राहिला. पडद्यातलं धुकं खोलीभर पसरतंय, असा तिला भास झाला.

सोनोग्राफीला नर्सताई सोबत होत्या. तो पडद्याकडे बघत होता, ती त्याच्याकडे. फिरता फिरता त्याचा हात एका जागी थांबला.

"आहे ना... कुणीतरी?"

"आहे. वाटाण्याएवढं. तुकडा काढून तपासल्याशिवाय काय ते सांगता येणार नाही. पण आता त्याला लपता येणार नाही."

तिला रडू फुटलं. "पुढेही तुम्हीच बघाल ना?"

"नाही. उद्यापासून मोठ्या डॉक्टर मॅडम बघतील."

हे तिला गाठीपेक्षाही लागलं. "एवढ्यात कंटाळलात?"

"तुमच्या चित्रात मला गाठीआधी तुमचा चेहरा दिसतो," तो हळूच म्हणाला. "अशा माणसाने डॉक्टर म्हणून आत राहू नये. मी बाहेर थांबेन... नातेवाईक थांबतात तिथे. चालेल?"

नर्सताई उगाच छताकडे बघू लागल्या.

"भीती वाटतेय मला," ती म्हणाली. "पण... चालेल."