खडूस घोडीची शिकवणी

छोटूनं, त्या दांडग्या शिंगरानं, दंड दातांत धरला, तेव्हा नाल ठोकायला आलेल्या नव्या नालबंदानं साधं हूंसुद्धा केलं नाही. डोळे घट्ट मिटले, दात सुटेपर्यंत उभा राहिला आणि मग फाटक्या बाहीकडे बघत म्हणाला, "तुमच्या जुन्या नालबंदकाकांचे गुडघे आजच का दुखायला लागले, ते आता कळलं."

तबेल्याच्या मालकिणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "लागलं का हो? सांगायचं राहूनच गेलं... तो चावतो."

"चावला कुठं? ओळख करून घेतली."

ती हसली. आणि स्वतःच्याच हसण्यानं दचकली. त्या तबेल्यात किती दिवसांत कुणी हसलं नव्हतं!

तिचे वडील गेले, त्याच आठवड्यात घोडीही शिंगराला जन्म देऊन गेली. दोन दिवसांचं ते पोर, हाच छोटू, मांडीवर घेऊन ती दर दोन तासांनी बाटलीनं दूध पाजायची. वडिलांसाठी रडायला तिला सवडच झाली नाही. आता दीड वर्षाचा छोटू मागच्या पायांवर उभा राहून तिच्या खांद्यावर खूर टाकायचा. त्याच्या धाकानं घोडेस्वारी शिकायला येणारे एकेक करून गळाले. भाऊ फोनवर एकच पालुपद लावायचा, "विकून टाक, एक दिवस जिवावर बेतेल." ती "बघू" म्हणायची आणि तबेल्याच्या दारात उभ्याउभ्याच जेवायची. ताट वाढून बसावं, असं समोर कोण होतं?

नालबंदाची नजर तिच्या मनगटावरच्या निळ्या वळावर गेली. तिनं चटकन बाही खाली ओढली.

"बाटलीवर वाढवलाय ना?" त्यानं हळूच विचारलं. "तो तुम्हाला घोडाच समजतो. शिंगरं आपसात अशीच खेळतात. त्याचा दोष नाही... तुमचाही नाही."

"मग करू काय?"

"माझ्याकडे एक म्हातारी घोडी आहे. भारी खडूस. आणू?"

दुसऱ्या दिवशी म्हातारी आली. छोटूनं जवळ जाताच तिची मान चावली. ती गर्रकन वळली आणि त्याच्या बरगडीत एक लाथ घातली. छोटू किंचाळत पळाला. मालकीण कुंपणाकडे धावली, तोच नालबंदानं तिचा हात धरला.

"अहो, मारेल ती त्याला!"

"नीट बघा. अलगद होती लाथ. 'एवढं पुरे' म्हणतेय. हे तुम्हाला त्याला कधी सांगवलंच नाही."

ती थांबली. हात सोडायचं तो विसरला... आणि आठवण करून द्यायचं ती.

नालबंदाचं काम खरं तर दीड महिन्यातून एकदा. हा रोज यायला लागला. छोटू अंगावर आला की मागं सरायचं नाही, हातातला दोर हलवून त्याला हातभर लांब ठेवायचं, हे त्यानं तिला शिकवलं.

"हे तुम्हालाही लागू आहे का?" एकदा तिनं त्याच्यावरच दोर रोखला.

"मी तर केव्हाचा हातभर लांब उभा आहे... बघा ना."

तिचे कान तापले.

चौथ्या आठवड्यात तिनं छोटूला हाक मारली. त्यानं मान वर केली, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा म्हातारीशेजारी चरायला लागला. हेच तर हवं होतं! तरी ती गवताच्या गंजीमागे जाऊन हमसून हमसून रडली. आधी छोटूसाठी, मग कितीतरी वेळ वडिलांसाठी. नालबंद आला, शेजारी बसला. तिचं रडणं ओसरेपर्यंत बसून राहिला.

दोन आठवड्यांनी छोटूनं चारही खूर शहाण्यासारखे तासून घेतले. नालबंदानं हत्यारं पिशवीत भरली, घोडीच्या गळ्यात दोर अडकवला.

"येतो मग."

"थांब ना..."

तिच्या तोंडून 'तू' कसं निघालं, तिचं तिलाच कळलं नाही.

"घोडीला म्हणालीस... की मला?"

"मला पुन्हा एकटं नाही राहायचं," ती एका दमात बोलून गेली.

तो जोड्याच्या टोकानं माती उकरत राहिला. "एक कबूल करू? म्हातारीचं काम पंधरा दिवसांपूर्वीच झालं होतं."

"माहीत होतं मला. घोड्यांचं कळतं रे... माणसाचं मात्र सांगितल्याशिवाय नाही कळत."

"मग सांगतो," असं म्हणून त्यानं घोडीच्या गळ्यातला दोर सोडला. आणि ते सांगायला त्याला अख्खी दुपार लागली.