जोनची आठ एकर जमीन

प्रेमात पडायला लायब्ररीतला प्रिंटर ही काही फार चांगली जागा नाही. शाईचा वास, मागे खोळंबलेली रांग, आणि बाहेर स्टेट कॉलेज नावाच्या या अमेरिकन गावातला तो ऑक्टोबरचा पाऊस – पडतो कमी, भिजवतो जास्त. मी माझी पानं घ्यायला गेले, तर ट्रे रिकामा! आणि खिडकीपाशी एक उंच मुलगा, केसांतून पाणी निथळतंय, फोनवर चक्क मराठीत ओरडत होता.

"अरे शंतनू, अपार्टमेंटचं लीज तू नीट वाचलं होतंस का? यात लिहिलंय, प्रत्येक भाडेकरूनं सेंट मार्टिनच्या सणाआधी आपल्या डुकरांच्या नाकात रिंग घालावी! नाही यार, जोक नाही करत आहे… थांब, कुंपण मोडलं तर वेगळी शिक्षा!"

मी त्याच्यासमोर जाऊन हात पुढे केला.

"डुकरं माझी आहेत."

त्यानं पानांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग पुन्हा पानांकडे.

"किती आहेत?"

"एकशे बारा. पण आता सगळी मेली… पावणेपाचशे वर्षं झाली."

तो हसला. आणि मी, आसावरी, वय एकतीस, नागपूरची, इतिहासात पीएचडी, अशा हसण्याबिसण्याला अजिबात न भुलणारी – भुलले. सांगून टाकलेलं बरं.

त्याचं नाव निहार. पुण्याचा. इथेच मास्टर्स करून गावातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागलेला, सात वर्षं अमेरिकेत. मी कॅम्पसवरच्या लायब्ररीत इंग्लंडमधल्या मार्लकोट नावाच्या एका खेड्याच्या जुन्या दप्तराच्या नकला करत होते. त्या काळी तिथे जमीनदाराचं एक गावकोर्ट भरायचं. गावातलीच बारा माणसं पंच म्हणून बसायची. कुणाची गाय कुणाच्या पिकात शिरली, बांध कुणी कोरला, जमीन कुणाच्या नावे लागली, सगळं तिथे ठरायचं आणि कारकून ते एका जाड वहीत उतरवायचा. त्या वहीचे फोटो आमच्याकडे होते आणि ते वाचणारी मी एकटी होते.

"म्हणजे बाराजण मिळून शेजाऱ्यांच्या चुका काढायचे? आमच्या कोथरूडच्या सोसायटीत अजून चालतं हे," निहार म्हणाला.

त्याला मी तेव्हाच हाकलायला हवं होतं. त्याऐवजी मी त्याला माझ्या छत्रीत घेऊन निघाले. पावसानं माझा डावा खांदा भिजला, त्याचा उजवा, आणि मधे बोटभर अंतर आम्ही दोघांनी फार प्रामाणिकपणे राखलं.

महिन्याभरात तो माझ्या चारशे नोंदींच्या प्रेमात पडला. निदान तसं दाखवत तरी होता.

"तुझी सगळी कोर्टं मी तारखेनं ओळीत लावून देतो. छोटासा कोड लिहायचा, बस."

"आणि मोबदला?"

"रविवारी पोहे. नागपूरचे. तर्रीवाले."

"तर्री झेपेल का पुणेकरांना?"

"रडेन… पण खाईन."

नोव्हेंबरात एका बाकावर बसून मी त्याला मार्लकोटचे नियम समजावून सांगितले. नांगरट, कुरण, वारसा. आणि विधवेचा नियम. नवरा मेला की त्याची जमीन बायकोकडे राहायची, पण ती एकटी राहील तोवरच. दुसरं लग्न केलं की जमीन गेली. निहार मान खाली घालून ऐकत होता. मी वहीतल्या तारखांबद्दल एक महत्त्वाचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तो म्हणाला, "हात बघ तुझे, बर्फ झालेत," आणि माझे दोन्ही हात त्यानं आपल्या जॅकेटच्या एकाच खिशात घातले. त्याच्या हातासकट. मग मी काय बोलत होते ते मला आठवेना. नंतर मात्र मला कायम असंच वाटत राहिलं, की मी ते बोलले होते.

डिसेंबरात निहारनं तारखेनं लावलेला तक्ता दिला आणि त्यात मला जोन पाइक सापडली.

जोन विधवा. आठ एकर जमीन. जानेवारी १५४८च्या कोर्टात नोंद होती – जोननं टॉमस नावाच्या मजुराशी लग्न केलं, सबब जमीन काढून घ्यावी. आणि खाली, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, जोन तिथेच! आठ एकर तिच्याच नावावर! म्हणजे हुकूम निघूनही गावानं तो दाबून ठेवला होता. बारा शेजाऱ्यांनी डोळेझाक केली होती. एका बाईनं मनासारखं लग्न केलं आणि गाव तिच्या पाठीशी उभं राहिलं… मी निहारच्या समोर, लायब्ररीच्या त्या पिवळ्या दिव्यात, हमसून रडले. त्यानं मला आपला मफलर दिला नाक पुसायला.

जोनवर मी लेख लिहिला. तो एका संशोधन-मासिकानं घेतला. आणि मार्चमध्ये, त्या लेखाच्या जोरावर, मिशिगनमधल्या एका विद्यापीठानं मला फेलोशिप दिली. दोन वर्षं, व्हिसासकट.

ही फेलोशिप माझ्यासाठी काय होती, ते सांगायला हवं. शिक्षणानंतर काम करायची माझी मुदत जूनमध्ये संपत होती. सदतीस ठिकाणी अर्ज केले होते, सदतीस नकार आले होते. हे अडतिसावं. हे नसतं तर सामान बांधायचं आणि परत जायचं, म्हणजे निहारपासून जायचं. आम्ही अजून एकमेकांना तसलं काही म्हणालो नव्हतो. तो फक्त एवढंच म्हणाला होता, "माझं काम काय, रिमोट आहे. लॅपटॉप मिशिगनमध्येही उघडतो." मी त्यावर फक्त हसले होते. घाई कशाला करायची, दोन वर्षं मिळाली होती ना.

एप्रिलमधला शनिवार. त्याच्या अपार्टमेंटच्या लाँड्रीत आम्ही चादरींच्या घड्या घालत होतो. दोन टोकं त्याच्याकडे, दोन माझ्याकडे. घडी घालताना जवळ यायचं, टोकं जुळवायची, बोटांना बोटं लागली की उगाच थोडं थांबायचं… तीन चादरी झाल्या होत्या. चौथीला तो जवळ आलाच नाही.

"आसावरी, मी तुझा लेख वाचत होतो. वहीच्या फोटोंशी पडताळून. तुला सरप्राइज म्हणून तळटीपा चेक करणार होतो."

"मग?"

"पान एकसष्टवर डिसेंबर १५४८चं कोर्ट आहे. पान चौसष्टवर जानेवारीचं. वर्ष तेच आहे, १५४८. मला वाटलं कारकून चुकला. मग शोधलं… तेव्हा तिकडे नवं वर्ष पंचवीस मार्चला लागायचं ना?"

माझ्या हातून चादर सुटली.

हो, पंचवीस मार्चला लागायचं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी स्वतः शिकवलंय. त्यांचा जानेवारी वर्षाच्या सुरुवातीला नाही, शेवटाकडे येतो. म्हणजे ऑक्टोबर आधी आणि जानेवारी नंतर. ऑक्टोबरात जोन अजून विधवाच होती, जमीन रीतसर तिची होती. मग जानेवारीत तिनं लग्न केलं आणि जमीन गेली. कुणी डोळेझाक केली नव्हती. कुणी तिच्या पाठीशी उभं नव्हतं. ते सगळं मी रचलं होतं.

"चूक माझी आहे," निहार घाईनं म्हणाला. "कोड माझा…"

"मी तुला सांगितलंच नव्हतं. त्या बाकावर सांगणार होते. तुला केव्हा कळलं?"

"मंगळवारी."

"आज शनिवार आहे."

"चार दिवस विचार करत होतो, की न सांगितलं तर तू राहशील."

वॉशिंग मशीन घरघरत होतं. ती वही उघडून बघणारी जगात माणसं होती दोनच, आणि दोघं त्या लाँड्रीत उभी होती.

"मग का सांगितलंस?" मी ओरडले. खरंच ओरडले. कपडे घेऊन आलेली एक बाई दारातूनच मागे फिरली. "कुणाला कळणार होतं? कशाला सांगितलंस मला?"

"तू जोनसाठी रडली होतीस," तो म्हणाला. "तिचं खरं काय झालं, ते तुला माहीत नसावं… मला नाही जमलं ते."

त्या क्षणी मला कळलं, की हा माणूस माझ्यावर जिवापाड प्रेम करतो. आणि त्याच क्षणी कळलं, की सगळं संपलं. दोन्ही एकदम कळणं फार वाईट असतं.

सोमवारी मी लेख मागे घेतला आणि मिशिगनला कळवलं. आठ दिवसांनी उत्तर आलं, अतिशय गोड इंग्रजीत. माझ्या सचोटीचं कौतुक होतं. जागा यादीतल्या पुढच्या माणसाला दिली होती.

मी ज्यांच्या तळघरात राहायचे त्या वसुधाकाकू चाळीस वर्षं इथे डॉक्टर होत्या, आता निवृत्त. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढला आणि साबुदाणा भिजवायला घेतला. मेमध्ये एका संध्याकाळी निहार आला, तेव्हा त्या मुद्दाम बागेत निघून गेल्या. आम्ही पायऱ्यांवर बसलो. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"लग्न करू या," तो म्हणाला. "म्हणजे… माझ्या व्हिसावर बायको म्हणून राहता येईल तुला. नोकरी लगेच नाही करता येणार. पण राहशील. इथे. माझ्याजवळ."

सबंध हिवाळाभर मी या वाक्याची वाट पाहिली होती. ते असं येईल, व्हिसाच्या नावासकट, असं नव्हतं वाटलं.

"निहार, माझं तुझ्यावर प्रेम आहे."

"मग?"

"मग जरा कुठे भांडण झालं, की तुला वाटेल, हिनं राहता यावं म्हणून केलं. आणि मला वाटेल, यानं दयेनं केलं."

"नाही वाटणार."

"मला आत्ताच वाटतंय."

मग त्यानं माझा हात घेतला, उलटा करून पाहिला आणि पुन्हा माझ्या मांडीवर ठेवून दिला.

"वेडी आहेस का गं?" काकू नंतर म्हणाल्या. "सोन्यासारखा मुलगा आहे. लग्नच तर करायचंय." मी रात्रभर उशीत तोंड खुपसून रडले तेवढं.

जूनमध्ये शेवटच्या आठवड्यात मी वही पुन्हा उघडली. आता तिच्यावर माझा काही हक्क नव्हता, आणि त्यामुळेच असेल, मला नीट वाचता आली. मार्लकोटमध्ये प्रत्येक कोर्टाच्या सुरुवातीला गावाचे नियम मोठ्यानं वाचून दाखवत. जोननं विधवेचा नियम वीस वर्षं ऐकला होता. काय जाणार ते तिला इंच न् इंच माहीत होतं. तरी ती टॉमसचा हात धरून चर्चमध्ये गेली. टॉमसकडे वीतभर जमीन नव्हती. मी तिला शेजाऱ्यांनी वाचवलेली बाई केलं होतं. तिला कुणी वाचवलं नव्हतं. तिनं आठ एकर आपल्या हातानं सोडली होती.

निघायच्या दुपारी मी हे निहारला सांगितलं. काकूंच्या गाडीत सामान भरून झालं होतं. विमानतळावर सोडायला मी त्याला नको म्हटलं होतं, कारण चार तास त्याच्या शेजारी बसून माझा निग्रह टिकला नसता.

त्यानं सगळं ऐकलं. आणि त्याला कळलं, मी काय विचारत नाहीये ते. त्याच्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का केव्हाच संपला होता. माझ्यामागे भारतात आला, तर नवा मिळेपर्यंत परत येता येणार नव्हतं, आणि वकिलातीत पुढच्या वर्षापर्यंत तारखा नव्हत्या. कंपनी तेवढं थांबणार नव्हती, भारतातून कामही करू देणार नव्हती. सात वर्षं, ग्रीन कार्डच्या रांगेतली जागा, सगळं इथेच सोडून यावं लागलं असतं. ‘ये’ असं मी म्हटलं नाही. पण मी थांबले. गाडीचं दार उघडं धरून, वेड्यासारखी, मी थांबले…

त्याचे डोळे भरले.

"दिवाळीपर्यंत काहीतरी बघतो," तो म्हणाला.

"बघ," मी म्हटलं.

मी आत बसले. माझी ओढणी दारात अडकत होती, ती त्यानं वाकून आत सरकवली आणि दार लावलं. काकूंनी गाडी काढली. कोपऱ्यावर वळेपर्यंत तो तिथेच उभा होता, दोन्ही हात खिशात घालून.

गाडीत काकू मला म्हणाल्या, "रड गं, रडून घे. त्याला शिव्या दे हवं तर." पण शिव्या कशाच्या देऊ? त्याची आठ एकर माझ्याकडे असती आणि तो माझ्यासारखा गाडीचं दार धरून थांबला असता, तर मीही त्याला दिवाळीच सांगितली असती.