डावीकडचं दार

"हळू, अदनान! क्लिप तुटली तर नवी आणायला पुन्हा पेणला जावं लागेल!"

"तुटत नाही गं! तू फक्त मध्ये बोटं घालू नकोस!"

अदनानने पातळ पट्टी पॅडच्या कडेखाली सरकवली आणि जोर दिला. टक्, टक्, टक् करत क्लिपा सुटल्या आणि जीपच्या उजव्या दाराचा आतला पॅड तस्नीमच्या मांडीवर येऊन पडला. पुराचं पाणी पिऊन त्याचा पुठ्ठा पापडासारखा वेडावाकडा फुगला होता.

दिवाळीच्या सुट्टीत ही दोघं भावंडं पेणच्या रामवाडीहून रोह्याजवळच्या आजोळी आली होती. आखातातून रजेवर आलेल्या फैजलमामूने आल्याआल्याच त्यांना कामाला जुंपलं. नानांची जुनी जीप विकायची होती. गिऱ्हाईक उद्या दुपारी येणार होतं. त्याआधी दोन्ही दारांना नवे पॅड आणि नवी हँडलं बसवायची होती. मागच्या वर्षी असं काम मिळालं असतं तर दोघं आनंदाने नाचली असती. या खेपेला कुणाच्या तोंडावर हसू नव्हतं.

कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मुसानाना आणि शेजारचे बाबाजी हे चाळीस वर्षांचे दोस्त. बांधाला बांध, दुःखाला खांदा. गेल्या जुलैत बाबाजींना बरं वाटेना, म्हणून नाना त्यांना जीपमधून रोह्याच्या दवाखान्यात नेत होते. ओढ्यावरच्या साकवावर पाणी चढलं होतं. जीप घसरली, खाली कलंडली आणि एका झाडाला अडकली. नाना त्यांच्या बाजूच्या दारातून बाहेर फेकले गेले आणि कसेबसे काठाला लागले. उजवीकडून प्रवाह आत घुसत होता, पण डावीकडे, बाबाजींच्या बाजूला, काठ हातभर अंतरावर होता. "हँडल फिरव आणि बाहेर ये!" असं ओरडून नाना माणसं आणि दोर आणायला धावले.

बाबाजी बाहेर आलेच नाहीत. माणसं पोचली तेव्हा ते छातीभर पाण्यात, काचेवर डोकं टेकून बसले होते. पाय मोडला होता. कुणीतरी बाहेरून हँडल ओढलं, तर दार लगेच उघडलं!

तिथेच सगळं बिनसलं. बाबाजी म्हणाले, "मी हँडल फिरवून फिरवून दमलो. काच खाली करायला गेलो तर तिचं हँडल हातात आलं. मुसा मला टाकून गेला." नाना म्हणाले, "दार चांगलं होतं. आदल्याच दिवशी मी नवं हँडल बसवून आणलेलं." गावाचं काय, दोन्हीकडून ढोलकी! कुणी एकाला भेकड म्हणालं, कुणी दुसऱ्याला खोटारडा. तेव्हापासून नाना पारावर जात नव्हते. पडवीत बसून नुसते रस्त्याकडे बघत. तस्नीमला ते बघवत नव्हतं. तिच्या नानांसारखा माणूस दोस्ताला पाण्यात टाकून पळेल? छे! पण मग बाबाजीआजोबा तरी खोटं कशाला बोलतील? तिला त्यांच्या अंगणातल्या बोरांची चव अजून आठवत होती.

"डावीकडचं दार घेऊया आता," अदनान म्हणाला.

"ते राहू द्या!" मामू पडवीतून ओरडला. "नितेशचा फोन आलेला. डावीकडचं तो स्वतः येऊन करणार हाय. फुकटात!"

नितेशचं वडखळ नाक्याजवळ गॅरेज होतं. जुलैत नानांनी हँडल त्याच्याकडूनच बसवून घेतलं होतं आणि आताचं गिऱ्हाईकही त्यानेच शोधलं होतं.

तस्नीमने भावाकडे पाहिलं. "नितेश आणि फुकटात? हवा भरायचेसुद्धा पैसे घेतो तो!"

"आणि एकच दार का?" अदनान कुजबुजला. "करायची तर दोन्ही करेल ना!"

मामू जेवायला आत गेला. दोघं जीपला वळसा घालून डावीकडे आली. जुलैत बसवलेलं हँडल सहज फिरलं. फारच सहज! उजवीकडचं फिरवताना आत काहीतरी ओढलं जायचं, लॉक खटकन वाजायचं. इथे काहीच वाजत नव्हतं. अदनानने स्क्रू काढले, क्लिपा सोडवल्या आणि पॅड अलगद पुढे ओढला.

पॅडच्या मागे दारावर प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला होता. पावसाचं पाणी पुठ्ठ्याला लागू नये म्हणून तो लावतात. उजव्या दारात त्या कागदाला ब्लेडने चीर दिलेली होती. चिरेतून एक लांब सळी बाहेर यायची आणि हँडलच्या मागे अडकायची. हँडल फिरलं की सळी ओढली जायची आणि लॉक उघडायचं. डाव्या दारात मात्र चीरच नव्हती! कागद चारी बाजूंनी घट्ट चिकटलेला होता आणि त्याच्यामागे सळी नुसतीच लोंबत होती.

"म्हणजे हे हँडल..." अदनानने लोंबणाऱ्या सळीकडे बोट दाखवलं.

"कधी जोडलेलंच नव्हतं," तस्नीम म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "दोघंही खरं बोलत होते!"

"चल, मामूला सांगू!"

"थांब! नितेश म्हणेल, पुरात सुटली सळी. नाहीतर म्हणेल, पोरांनीच खोडी केली. आपण आणखी काहीच हात लावायचा नाही. आधी आदेशला बोलवू."

आदेश हा बाबाजींचा नातू. चार महिने त्याला या अंगणात यायची बंदी होती. पण निरोप मिळताच तो कुंपणावरून उडी मारून आला, दाराच्या आत वाकून बघितलं आणि हवेत हात गोल फिरवला.

"आजोबा रात्री झोपेत हात असा फिरवतात," तो म्हणाला. "हँडल फिरवल्यासारखा."

तस्नीमने पॅड पुन्हा होता तसा टेकवला. "उद्या सकाळी नितेश येईल तेव्हा आजोबांना घेऊन ये."

"ते येणार नाय गो!"

"सांग, तुमचं खरं होतं ते दाखवायचंय. मग येतील."

दुसऱ्या दिवशी नितेश हत्यारांची पेटी घेऊन हजर झाला. काठी टेकत बाबाजी कुंपणापर्यंत आले आणि तिथेच उभे राहिले. नाना खुर्चीतून उठले, पण पुढे सरकले नाहीत. तस्नीम जीपच्या डाव्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"नितेशभाऊ," ती शक्य तितक्या भोळेपणाने म्हणाली, "उजवीकडचा जुना कागद फाटला. नवा लावताना चीर आधी द्यायची की पॅड बसवल्यावर?"

"आधीच द्यायची!" नितेश हसला. "पॅड बसल्यावर ब्लेड कुठून घालशील? चीर नाय दिली तर सळी बाहेर येईल कशी? दार जन्मात उघडणार नाय आतून!"

"आणि आधीचे कागद तुम्हीच लावलेत ना? दोन्ही दारांचे?"

"मग! माझ्या हातचं काम हाय ते."

"आदेश, ओढ!"

आदेशने पॅड पुढे ओढला. अखंड, न चिरलेला कागद सगळ्यांसमोर उन्हात चमकला. नितेशचं हसू मावळलं.

"पुरात... पुराच्या पाण्यात सुटली असेल सळी," तो चाचरला.

"सळी सुटेल हो! पण पुराने चीर शिवली का?" अदनानने विचारलं.

फैजलमामू दाराशी वाकला, कागदावरून बोट फिरवलं आणि सावकाश सरळ झाला. "म्हणून फुकटात करत होतास व्हय? माणूस मेला असता, नितेश!"

नितेशने मान खाली घातली. "घाई होती... गाड्यांची रांग होती. आणि आता पोरांनी डावं दार खोलू नये म्हणून फुकटात करतो म्हटलं... चुकलं माझं. ज्या दिवशी ऐकलं, त्याच दिवशी कळलं मला. सांगायची हिंमत झाली नाय."

बाबाजी केव्हा आत आले कुणालाच कळलं नाही. ते लोंबणाऱ्या सळीकडे बघत होते.

"मग मी येडा नव्हतो तर," ते हळूच म्हणाले.

"नव्हतास," नाना म्हणाले. "चूक माझीपण हाय. वर्षानुवर्षं आपण काचेतून हात बाहेर काढून दार उघडत आलो. सवयच ती. नवं हँडल बसवलं, पण एकदा आतून फिरवून बघितलं नाय मी."

"पण चालत होतं तसं. बसवलंसच कशाला?"

नाना मान वळवून रस्त्याकडे बघू लागले. तेव्हा फैजलमामूच म्हणाला, "तुमचा खांदा दुखतो म्हणून, काका. हात बाहेर काढताना तुम्ही कळवळता, असं मला फोनवर सांगत होते."

बाबाजींनी काठी जीपला टेकवली आणि दोन्ही हातांनी नानांचे खांदे धरले. दोघं म्हातारे भर अंगणात रडले आणि मुलांना कुठे बघावं ते कळेना.

चीर आदेशने दिली, सळी अदनानने अडकवली, आणि क्लिप तस्नीमने दाबली. काच फिरवायचं हँडलही त्यांनी नीट आवळलं. नितेश मुकाट्याने हत्यारं हातात देत होता. मग तस्नीम स्वतः आत बसली, काच वर केली आणि दहा वेळा दार आतून उघडून पाहिलं.

"मोठ्यांनी करायचं ते पोरांनी केलं," बाबाजी म्हणाले. "शाब्बास रे बाळांनो! चार महिन्यांत गावाला जमलं नाय ते!"

गिऱ्हाइकाला मामूने फोन करून नाही म्हणून सांगितलं. संध्याकाळी जीप निघाली ती थेट पारापर्यंत. नाना चालवत होते, बाबाजी शेजारी, मुलं मागे. साकवावर नानांनी गाडी अगदी सावकाश घेतली.

पाराशी जीप थांबली. पारावरची माणसं उठून उभी राहिली. बाबाजींचा हात सवयीने काचेतून बाहेर गेला आणि खांद्यातून कळ आली तसे ते थबकले. हात त्यांनी आत घेतला. नव्या हँडलवर ठेवला. मग सावकाश ते फिरवलं.

खटकन आवाज झाला.

"उघडलं रे, मुसा," बाबाजी म्हणाले.

"ऐकलं," नाना म्हणाले, आणि त्यांना उतरवून घ्यायला धावत पलीकडे आले.